मुलांच्या किल्ल्यांची बातमी पेपरात यावी म्हणून

प्रश्न सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मंडळाच्या कार्यकर्त्याचा आहे. चार वर्षं त्यांचं मंडळ दिवाळीच्या सुट्टीत मुलांची किल्ले स्पर्धा घेतंय. साठ-सत्तर मुलं येतात, आठवडाभर कॉलनीत माती-दगड-विटांचा पसारा असतो. पेपरात मात्र एक तर काहीच येत नाही, नाहीतर बक्षीस समारंभाचा फोटो येतो आणि त्यात पाहुणे पुढे, मुलं मागे. ते विचारतात, "प्रेस नोट सगळ्यांना पाठवतो, फोनही करतो. आमची ओळख नाही म्हणून छापत नाहीत का? की जाहिरात दिल्याशिवाय काम होत नाही?"

मी सांगलीत एका दैनिकाच्या शहर डेस्कवर बरीच वर्षं उपसंपादक होते. आता लहान संस्थांच्या प्रसिद्धीचं काम बघते. आधी बातम्या कापत होते, आता पाठवते. त्यामुळे दोन्हीकडचं सांगता येईल.

दादा, ओळखीचा उपयोग फोन उचलला जाण्यापुरता. छापून यायला बातमीच लागते, आणि तुम्ही सोबत पाठवलेल्या गेल्या वर्षीच्या प्रेस नोटमध्ये मला ती सापडली नाही. स्पर्धेत ती होती, याची मला खात्री आहे. तुम्ही ती लिहिलीच नाही.

संध्याकाळची साडेसहाची वेळ डोळ्यांसमोर आणा. डाक आवृत्तीची, म्हणजे जत-आटपाडीसारख्या लांबच्या तालुक्यांना जाणारी पानं सोडायची घाई चाललेली असते. मेलमध्ये चाळीस-पन्नास प्रसिद्धिपत्रकं पडलेली असतात. सत्कार, जयंती, रक्तदान शिबिर, महापालिकेला निवेदन, पाण्यासाठी मोर्चा. जाहिराती लागून पानावर दोन-अडीच कॉलम उरलेले. एका पत्रकाला दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ देता येत नाही. अशा वेळी तुमचं पत्रक उघडतं: 'विश्रामबाग येथील मंडळाच्या वतीने भव्य किल्ले स्पर्धेचे आयोजन करण्यात आले होते. स्पर्धेचे उद्घाटन अमुक यांच्या शुभहस्ते झाले. प्रमुख उपस्थिती तमुक यांची होती.' मग अकरा नावं. मग प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार. उपसंपादक नावं उडवतो, 'भव्य' उडवतो, 'शुभहस्ते' उडवतो आणि हातात चार ओळी राहतात. त्यावर मथळा पडतो, 'विश्रामबागेत किल्ले स्पर्धा उत्साहात'. मथळ्यात 'उत्साहात' आलं की समजावं, डेस्कवरच्या माणसाला आत दुसरं काही मिळालेलं नाही. तो शब्द मी स्वतः किती वेळा लावलाय याची गणती नाही.

त्यातली एक वेळ मला अजून टोचते. असंच वीस-बावीस नावांचं पत्रक मी चार ओळींत संपवलं. दोन दिवसांनी घरी जाताना खणभागात तो किल्ला पाहिला. तीन भावंडांनी मच्छिंद्रगड केला होता. सुट्टीत प्रत्यक्ष गडावर जाऊन आली होती, वहीत पेन्सिलीने नकाशा काढून आणला होता आणि त्या नकाशावरून सुतळीने मोजून वाट पाडली होती. धाकटा मला बोटाने वाट दाखवत होता, नखांत माती तशीच. डोंगरावर मोहरी पेरली होती, ती दोन बोटं उगवून आली होती. ही बातमी होती, फोटोसकट. पत्रकात त्या तिघांचं नावसुद्धा नव्हतं, आणि मला पत्रकापलीकडे विचारायचं सुचलं नाही.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात मोठं सांगणं हे की, बातमी मुलाने काय केलं यात असते. कोण आलं होतं यात नसते. स्पर्धा सुरू झाली की मंडळातल्या एकाला फक्त एवढंच काम द्या. त्याने वही घेऊन प्रत्येक किल्ल्यापाशी पाच-दहा मिनिटं बसायचं आणि मुलांना विचारायचं. हाच किल्ला का? माती कुठून आणली? काय पडलं, काय मोडलं, परत कसं उभं केलं? बुरूज कशाचे केले? 'कसं वाटतंय' हे मात्र विचारू नका, सगळी मुलं 'छान वाटतंय' म्हणतात आणि वही रिकामी राहते. साठ मुलांत पाच तरी गोष्टी निघतात. मी हे करायला लागल्यापासून एकदाही रिकाम्या हाताने परत आले नाही.

एक उदाहरण देते. एका मंडळाच्या स्पर्धेत जिकडे बघावं तिकडे रायगड, प्रतापगड, सिंहगड. सातवीतल्या एका मुलीने मात्र बाणूरगड केला होता. का, तर तिचं आजोळ खानापूर तालुक्यात आणि आजोबांनी तिला तिथली बहिर्जी नाईकांची समाधी दाखवली होती. तिने समाधी खडूच्या तुकड्यांची केली होती. आम्ही ही गोष्ट सांगलीच्या शहर बातमीदाराआधी खानापूर तालुक्यातल्याच विट्याच्या वार्ताहराला कळवली. तालुक्याच्या पानावर फोटोसकट मोठी बातमी आली. दुसऱ्या दिवशी सांगलीच्या दोन बातमीदारांचे फोन आले, 'ती मुलगी कुठे राहते?' शहराच्या पानावर जागेसाठी मारामारी असते. तालुक्याच्या वार्ताहराला आपल्या मातीतली बातमी हवीच असते आणि त्याच्याकडे पत्रकं पाठवणारी माणसं कमी असतात. तुमच्या साठ मुलांचं आजोळ कुठे कुठे आहे, एकदा विचारून बघा. तासगाव, पलूस, कडेगाव, शिराळा, निम्मा जिल्हा निघेल.

यंदा तर तुमच्या हातात आयता धागा आहे. ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. शेजारच्या साताऱ्याचा प्रतापगड त्यात आहे, कोल्हापूरचा पन्हाळा आहे. सांगली जिल्ह्यातला एकही नाही. मग स्पर्धेचा विषयच ठेवा, 'यादीत नसलेले आपले किल्ले'. मच्छिंद्रगड, बाणूरगड, चांदोलीच्या जंगलातला प्रचितगड. 'जागतिक यादीत नाहीत, पण सांगलीच्या पोरांनी अंगणात उभे केले' असं म्हटलं की बातमीदाराला पुढचं वाक्य स्वतःला सुचतं. त्याला असा धागा मिळाला की तो पान क्रमांक विचारायला संपादकाकडे स्वतः जातो.

पत्रक कसं लिहायचं ते आता नेमकं सांगते. पहिलं वाक्य मुलाचं. साधारण असं: 'आजोळच्या गडावर दोनदा जाऊन आलेल्या सातवीतल्या मुलीने विश्रामबागेत मातीचा बाणूरगड उभा केला असून, तो पाहायला शुक्रवारपर्यंत सर्वांना खुले आमंत्रण आहे.' मुलीचं नाव त्यात पालकांना विचारून घालायचं. दुसऱ्या परिच्छेदात स्पर्धा कोणाची, किती मुलं, किती किल्ले, कुठे, कधी. तिसऱ्यात आणखी एका-दोन किल्ल्यांची गंमत. एखाद्या मुलाचं बोलणं त्याच्याच शब्दांत, सुधारून न देता. 'आमचा बुरूज तीनदा पडला, मग बाबांनी माती चाळायला सांगितली' हे वाक्य कुठल्याही पाहुण्याच्या भाषणाला भारी आहे. दीडशे-दोनशे शब्दांत संपवा. पाहुण्यांची नावं घालायचीच असतील तर शेवटी, आणि तीनच. वरून कापायला उपसंपादकाला वेळ नसतो, तो खालून कापतो. कापलं जाईल ते खाली ठेवा.

विजेत्यांची यादी वेगळी द्या आणि नावं मुलांकडूनच एकेका कार्डावर लिहून घ्या. मुलाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला, आडनाव बदललं की त्या घरात दिवसभर हळहळ असते. ते कात्रण कपाटात वर्षानुवर्षं राहतं आणि चूकही त्याच्याबरोबर राहते. मोठ्यांचं नाव चुकलं तर ते फोन करून सांगतात. मूल काही सांगत नाही.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करून थेट मेलमध्येच टाका, जोडपत्र म्हणून नको. लेटरहेडचा फोटो पाठवला की डेस्कवर कोणाला तरी तो सगळा परत टाइप करावा लागतो, आणि साडेसहाला ते कोणी करत नाही. डीटीपीवाल्याकडून जुन्या फॉन्टमध्ये करून आणलेला मजकूर उघडला तर नुसती चिन्हं दिसतात. पीडीएफमधून मराठी उचलताना काने-मात्रे इकडचे तिकडे होतात. चांगल्या बातम्या नुसत्या एवढ्यावर मागे पडलेल्या मी बघितल्या आहेत.

फोटोबद्दल थोडं जास्त बोलते, कारण अर्धी बातमी तिथेच आहे. दीपप्रज्वलन, फीत, स्मृतिचिन्ह देताना कॅमेऱ्याकडे बघणारी आठ माणसं, हे फोटो पाठवूच नका. हातात चिखलाचा गोळा घेतलेलं मूल, जिभेचं टोक बाहेर काढून मावळा उभा करणारं मूल, किल्ल्यामागून डोकावणारी दोन डोकी. फोटो काढताना गुडघ्यावर बसा, कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणा. उभ्याने वरून काढला की मुलाचं डोकं दिसतं आणि किल्ला चपटा दिसतो. सकाळी नऊच्या आत किंवा दुपारी चारनंतरच्या उन्हात काढा, भरदुपारी मातीला रंग राहत नाही. व्हॉट्सअॅपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला तर तो बारीक होतो आणि छपाईत फाटतो. तीनच फोटो पाठवा, एक आडवा, एक उभा, एक जवळचा. प्रत्येकाखाली ओळ हवी: कोण, काय करतंय, कुठे. चाळीस फोटोंचा ढीग टाकला तर निवडायला कोणी बसत नाही.

आता वेळ. तुमची सगळ्यात मोठी चूक ही की तुम्ही बातमीदाराला बक्षीस समारंभाला बोलावता. तोवर किल्ले वाळलेले, मोहरी माना टाकायला लागलेली, आणि समोर खुर्च्या, माइक, भाषणं. त्याला बांधकामाच्या दुसऱ्या दिवशी बोलवा, सकाळी दहा-साडेदहाला. तेव्हा मुलं मातीत असतात आणि छायाचित्रकारही मोकळा असतो. भाषण नाही, स्टेज नाही, चहा-पोहे देऊन अर्ध्या तासात सोडा. 'पाहुणे येताहेत, थांबा' असं म्हणून एकदा ताटकळत ठेवलेला छायाचित्रकार पुढच्या वर्षी फोन उचलत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. त्याला त्या दिवसात आणखी चार ठिकाणी जायचं असतं.

दिवाळीतला आणखी एक खोडा लक्षात ठेवा. लक्ष्मीपूजन-पाडव्याच्या सुट्टीमुळे बहुतेक मराठी दैनिकांचा अंक दुसऱ्या दिवशी निघत नाही, आणि त्याआधीचे दिवस जाहिरातींनी भरलेले असतात. त्यामुळे बांधकाम वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी सुरू करा आणि पहिली बातमी तेव्हाच द्या. दुसरी, म्हणजे 'किल्ले पाहायला या' ही, सुट्टीनंतर द्या. तेव्हा सरकारी कचेऱ्या नुकत्याच उघडत असतात, बातम्यांचा दुष्काळ असतो. रविवारच्या कार्यक्रमाला सोमवारच्या अंकात जागा मिळते तीही याच कारणाने. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाही बहुतेक दैनिकांना सुट्टी असते, म्हणजे त्या दिवशीच्या कार्यक्रमाची बातमी एक दिवस शिळी होऊनच येते. १४ नोव्हेंबरला प्रत्येक शाळेचा बालदिन असतो, तिथे गर्दीत शिरू नका. आणि पावसाळ्यात काही करणार असाल तर आयर्विन पुलावरच्या पाणीपातळीवर डोळा ठेवा. कृष्णा चाळीस फुटांच्या इशारा पातळीकडे सरकली की सांगलीतला प्रत्येक बातमीदार घाटावर आणि पुलावर असतो. २०१९चा महापूर पाहिलेल्या गावात ते तसंच असायला हवं. त्या आठवड्यात कार्यक्रमच पुढे ढकलावा.

फोन सकाळी साडेअकरा ते एक या वेळात करा. संध्याकाळी पाचनंतर करू नका. 'आमची बातमी लावा' असं म्हणण्याऐवजी एका वाक्यात गोष्ट सांगा आणि थांबा. पत्रक सगळ्यांना एकाच वेळी पाठवा, एकाला आधी दिल्याचं दुसऱ्याला कळलं की तो दुखावतो. पण वहीतल्या पाच गोष्टी पाच जणांना वाटायला हरकत नाही. 'सकाळ'च्या बातमीदाराला आजोळची मुलगी, 'पुढारी'च्या बातमीदाराला तीन पिढ्या किल्ला करणारं घर, 'केसरी'च्या माणसाला आणखी तिसरी. प्रत्येकाला स्वतःचं काही मिळालं की तो ते मनापासून लिहितो.

आकाशवाणी सांगलीला विसरू नका. १९६३ पासून हे केंद्र आपल्या भागाचा आवाज आहे आणि गावाकडच्या आजी-आजोबांना नातवाचा आवाज रेडिओवर ऐकण्याची जी अपूर्वाई असते ती पेपरच्या फोटोलाही नाही. तिथे मात्र महिनाभर आधी पत्र द्यावं लागतं. केबल आणि यूट्यूब वाहिन्यांसाठी मोबाइल आडवा धरून चाळीस-पन्नास सेकंदांचं चित्रण ठेवा, मागे गाणं न लावता. एखाद्या मुलाने किल्ला फिरवून दाखवला तर उत्तम.

जाहिरातीचं विचारलंत, तर स्पष्ट सांगते. स्थानिक वार्ताहरांवर जाहिरातीचं ओझं असतं हे खरं आहे, त्यांचं मानधन किती असतं हेही मला माहीत आहे. परवडत असेल, द्यावीशी वाटत असेल तर जाहिरात द्या, पावती घ्या. बातमीशी तिचा व्यवहार लावू नका. पाकीट तर कोणालाही कधीच देऊ नका. मुलांच्या कार्यक्रमाला ते शोभत नाही आणि जो बातमीदार मनापासून आलेला असतो त्याचा तो अपमान असतो. मागणाराच कोणी भेटला तर त्याला नमस्कार करून दुसऱ्याकडे जा. मी आजवर पाकीट न देता कामं केली आहेत आणि ती छापून आली आहेत.

पाहुण्यांशिवाय तुमच्या मंडळाचं भागत नाही हेही कळतं. वर्गणीदार आहेत, नगरसेवक आहेत. बोलवा, पण त्यांना मुलांसोबत जमिनीवर बसवा, एका मुलाने त्यांना आपला किल्ला समजावून सांगावा. मग फोटोत तेही येतात आणि मूलही पुढे राहतं. एरवी मोठा नेता आला की बातमी येते ती त्याच्या राजकीय वक्तव्याची. शेवटी 'किल्ले स्पर्धेच्या कार्यक्रमात ते बोलत होते' एवढाच तुमचा उल्लेख.

आता जे सांगते त्यात कुठेही ढिलाई चालणार नाही. मुलाचा फोटो आणि नाव देण्याआधी पालकांची लेखी परवानगी घ्या, नावनोंदणीच्या अर्जावरच एक ओळ छापा. घराचा पत्ता, शाळेची वेळ, पालकांचा नंबर बातमीत येता कामा नये. तुमच्या स्पर्धेत बालगृहातली मुलं येत असतील तर त्यांचं नाव, चेहरा, संस्थेवरून ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पत्रकार घाईत असतो, त्याला हे तुम्हीच आधी सांगायचं. त्या मुलांच्या हातांचा, किल्ल्याचा फोटो द्या. कौतुक त्यांचंही तेवढंच व्हायला हवं, ओळख उघडी न करता. एका कार्यक्रमात मी हे सांगायला उशीर केला आणि अशा दोन मुलांचे चेहरे एका पानावर आले. त्यानंतर काय धावपळ झाली ते इथे लिहीत नाही, पण तेव्हापासून मी गेटवरच छायाचित्रकाराला गाठते.

आणि 'गरीब', 'वंचित', 'झोपडपट्टीतील' असे शब्द मुलांच्या नावामागे लावू नका. सहानुभूतीने लावले तरी दुसऱ्या दिवशी वर्गात ते कात्रण त्या मुलालाच चिकटतं. त्याने किल्ला केला, त्याचं नाव आणि त्याचा किल्ला पुरेसा आहे.

बातमी आली की त्याच सकाळी बातमीदाराला एक मेसेज करा आणि सोबत कात्रण हातात धरलेल्या मुलाचा फोटो पाठवा. चूक असेल तर शांतपणे दुरुस्ती कळवा. आली नाही तर जाब विचारू नका. त्या रात्री कुठे अपघात झालेला असतो, कुठे पान जाहिरातीने खाल्लेलं असतं. दोन दिवसांनी दुसरी गोष्ट घेऊन परत फोन करा.

आणखी एक, जे तुम्ही विचारलं नाहीत. आठवी-नववीतल्या दोन-तीन मुलांना बातमीदार करा. त्यांनीच वही घेऊन फिरावं, त्यांनीच लिहावं. मोठ्यांनी फक्त शुद्धलेखन बघावं, वाक्यं बदलू नयेत. तो मजकूर मुलांच्या नावाने पुरवणीकडे पाठवा. मुलांनी मुलांबद्दल लिहिलेलं डेस्कवर क्वचित येतं, आणि आलं की हातातलं काम ठेवून वाचलं जातं. माझ्या वेळी असं एक पान आलं होतं, वहीच्या कागदावर, निळ्या पेनने. त्यात एक वाक्य होतं, 'आमच्या किल्ल्यावर रात्री मांजर झोपते म्हणून आम्ही दरवाजा मोठा केला.' मी ते जसंच्या तसं मथळ्याखाली घेतलं.

यंदाच्या मुलांची नावनोंदणी सुरू झाली की त्या यादीत आजोळाचा रकाना घाला आणि ती यादी मला पाठवा. कुठल्या तालुक्याच्या वार्ताहराला आधी फोन करायचा ते आपण बसून ठरवू.